कंबर-गुडघ्यासाठी अ‍ॅक्युपंक्चर: साध्या सुया की करंटच्या?

कापूस वेचून धरलेली कंबर किंवा केळीचे घड वाहून कुरकुरणारा गुडघा घेऊन अ‍ॅक्युपंक्चरवाल्याकडे गेलात की दोन पर्याय समोर येतात. सुई दोन्हींत तीच असते: भरीव, साधारण पाव मिलिमीटर जाडीची, एकदाच वापरायची. पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा.

साध्या पद्धतीत सुया लावून 20 ते 30 मिनिटं पडून राहायचं. टोचताना क्षणभर चुणचुण, मग तिथे जडपणा किंवा मंद ठसठस. एवढं व्हायचंच. पण कळ सळसळत पायात उतरली किंवा जळजळ थांबेना, तर लगेच सांगा. सुई नसेला लागत असते, थोडी मागे घेतली की बरं वाटतं.

करंटच्या पद्धतीत त्याच सुयांना जोडीजोडीने चिमटे लावून छोट्या मशीनवर जोडतात. वारंवारिता, म्हणजे सेकंदाला किती ठोके, बहुधा 2 ते 100 हर्ट्झ. कमी ठेवली तर स्नायू ठोक्याठोक्याने उडतो, जास्त ठेवली तर सलग मुंग्या येतात. काही मिनिटांत सवय होऊन करंट कमी वाटतो. तेव्हा पुन्हापुन्हा वाढवून घेऊ नका, दुसऱ्या दिवशी स्नायू आखडतो. पेसमेकर असेल, फिट येत असतील किंवा दिवस गेले असतील तर करंट नकोच. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर किती सोसवतंय हेच कळत नाही. अशांनी साध्याच सुया घ्याव्यात, त्याही जपून.

पहिल्यांदा जाणाऱ्याला आमचा सल्ला साध्या सुयांचाच. चार-पाच बैठकांत काहीच फरक नसेल, तर करंटचा विचार करा. अपेक्षा मात्र माफक ठेवा: खोट्या सुयांशी (म्हणजे नुसतं टोचल्यासारखं केलेल्या किंवा भलत्याच जागी लावलेल्या) तुलना केलेल्या चाचण्यांत खऱ्या सुयांची आघाडी थोडीच दिसते. झिजलेला सांधा कुठल्याच सुईने भरून येत नाही.

चक्कर दोन्हींत येऊ शकते. कारण बहुधा उपाशी पोट, भीती किंवा बसून घेतलेल्या सुया. मे महिन्यात भुसावळच्या उन्हातून आलात तर आधी पाणी पिऊन थोडं टेका. घरून निघताना कळण्याची अर्धी भाकरी तरी खाऊन निघा आणि उपचार आडवं होऊनच घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, नाहीतर मोठं काळंनिळं होतं. पाठीच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर फुफ्फुसाला इजा होऊ शकते. हे क्वचितच घडतं, पण नंतर दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णालय गाठा.

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आहे. उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारायला संकोच नको. कंबरदुखीसोबत पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर दोन्ही पद्धती बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.