सरमा की विशाखा?

नाशिकात कुत्रीला साहित्यिक नाव द्यायचं, तर कुसुमाग्रजांचा १९४२चा कवितासंग्रह ‘विशाखा’ पहिला आठवतो. पण हाक लांब पडते. आठवड्यात ‘विशू’ होते आणि अर्थ गळतो. शिवाय सोसायटीत एखादी विशाखा असतेच.

सरमा ही ऋग्वेदातली इंद्राची कुत्री. पणी नावाच्या असुरांनी लपवलेल्या गायी तिने शोधल्या (मंडल १०, सूक्त १०८); ‘सारमेय’ म्हणजे कुत्रा, तो तिच्यावरूनच. अडचण एकच, लोक ‘शर्मा’ ऐकतात. म्हणून ‘स’ स्पष्ट, शेवटचा ‘मा’ लांबवा. ‘सर’ ही आज्ञा टाळून ‘बाजूला’ म्हणा, नाहीतर ती गोंधळते.

आमचं मत सरमाच. दिवसातून पाच-सहा वेळा, पण दर वेळी एकदाच हाक मारा, वळून पाहताच खाऊ द्या. रागावताना नाव घेऊ नका. नाहीतर हाकेला ती यायची थांबते.