कार्डावर न विचारता टिप लावली: आधी काउंटर की आधी बँक?

हॉटेलात जेवून कार्ड टॅप केलं आणि एसएमएसमध्ये बिलापेक्षा शंभरभर रुपये जास्त दिसले, तर पुढं काय करायचं? बेळगावात राहून मी दोन्ही करून पाहिलंय. एकदा बँकेला फोन लावला, एकदा काउंटरवर उभा राहिलो.

बँकेचं आधी सांगतो. बिल १२४० रुपयांचं, गेले १३४०. शहापूरला घरी पोचल्यावर लक्षात आलं, म्हणून कस्टमर केअरला फोन केला. पलीकडून विचारलं, "हा व्यवहार तुम्ही केलाय का?" मी म्हटलं, "एवढ्या रकमेचा नाही." तिथंच घोळ झाला. तक्रार फसवणूक म्हणून नोंदली गेली आणि कार्ड लगेच ब्लॉक. लाईटबिल, विम्याचा हप्ता, मुलीच्या क्लासची फी, सगळं त्याच कार्डावरून आपोआप जायचं. नवीन कार्ड येईपर्यंत हप्त्याची तारीख उलटली, आणि मग एकेक ऑटो-पे नव्यानं जोडत बसलो. शंभर रुपये दीड महिन्यानं परत आले खरे. पण तो हप्ता चुकल्याचं मला फार लागलं.

नंतर कळलं की सांगायला हवं होतं, "व्यवहार माझाच आहे, रक्कम चुकीची आहे." मग कार्ड बंद करायची गरज पडत नाही. बँक बिल आणि चार्जस्लिपची (मशीनमधून निघणाऱ्या पावतीची) प्रत मागते आणि हॉटेलच्या बँकेकडून खुलासा घेते. वेळ मात्र लागतोच.

दुसरा प्रसंग टिळकवाडीतला. एसएमएस येईपर्यंत खुर्चीवरून उठलोच नाही. बिल ८६०, गेले ९५०. काउंटरवर जाऊन म्हटलं, "अण्णा, नव्वद जास्त लागलेत." तो कन्नडमिश्रित मराठीत म्हणाला, सर्व्हिसचे आहेत साहेब. मी शांतपणे सांगितलं की ४ जुलै २०२२ पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं असा सेवा आकार, म्हणजे सर्व्हिस चार्ज, परस्पर लावायला मनाई केली आहे, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. वाद झाला नाही. त्यानं व्यवहार व्हॉइड केला, म्हणजे मशीनवरच रद्द केला, आणि ८६० पुन्हा घेतले. वाढणाऱ्या पोराच्या हातात मी पन्नास रुपये रोख दिले. टिप त्याचीच, ती त्यालाच मिळावी असं मला मनापासून वाटतं.

इथं वेळेला महत्त्व आहे. मशीनवरचे दिवसाचे व्यवहार साधारणपणे रात्री सेटल होतात, म्हणजे बँकेकडे पक्के होतात. तोवर व्हॉइड करता येतं. त्यानंतर रिफंडच, आणि त्याला काही दिवस जातात. म्हणून गावातलंच हॉटेल असेल तर त्याच रात्री परत जाणं मला तरी सोयीचं वाटतं. खानापूर, निपाणीलाही हेच लागू.

चोरला घाटातून गोव्याला जाऊन आलात, तर शंभर रुपयांसाठी परत कोण जाणार? तिथं बँकच बरी, फक्त वरचं वाक्य नीट बोला. अमेरिकेत असाल तरी बँकच. तिथं आधी कार्ड फिरवतात, मग सहीच्या स्लिपवर गिऱ्हाईक टिप लिहितं आणि अंतिम रक्कम नंतर भरली जाते. माझी भाची तिकडं असते, ती प्रत्येक स्लिपचा फोटो काढून ठेवते. आपल्याकडं पिन किंवा टॅपच्या आधीच आकडा मशीनवर असतो, आपण वाचत नाही एवढंच.

काउंटरवाला अजिबात ऐकेना तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाईन आहे. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मला तिथवर जावं लागलं नाही.

५००० रुपयांपर्यंत टॅपला पिन लागत नाही, म्हणून आता मशीन आधी माझ्याकडे वळवून घेतो, आकडा मोठ्यानं वाचतो आणि मगच कार्ड लावतो. स्लिप स्टेटमेंट येईपर्यंत पाकिटात असते.