नागपुरात पहिली सागरी टाकी : दोन फुटी तयार संचाचे परीक्षण

प्रवाळ आणि समुद्रातले मासे घरी ठेवू पाहणाऱ्या नवशिक्याला दुकानदार हल्ली सर्वांत आधी दाखवतात तो दोन फुटी तयार संच. काचेची टाकी, तिच्या मागच्या बाजूला गाळणीचे तीन कप्पे, पाणी फिरवणारा पंप, निळसर एलईडी दिवा, शंभर वॅटचा हीटर, छोटा प्रोटीन स्किमर (फेस काढून पाण्यातली घाण वेगळी करणारे यंत्र) आणि पाण्याचा खारेपणा मोजण्याचे प्लास्टिकचे हायड्रोमीटर, असे सारे एकाच खोक्यात येते. मी घेतलेल्या टाकीची मापे ६० × ४० × ४० सेंटीमीटर आहेत आणि दगड-वाळू घातल्यावर तिच्यात सुमारे ८० लिटर पाणी राहते. नागपूरचे तिन्ही ऋतू या संचावरून गेल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, खोक्यात जे आहे ते बहुतेक चांगले आहे. परंतु नागपूरकराला ज्यावाचून चालणार नाही ते त्यात नाही, आणि तो वेगळा खर्च धरल्याशिवाय या संचाची छापील किंमत खरी मानू नये.

काच स्वच्छ आहे, सिलिकॉनचे जोड नीट भरलेले आहेत आणि मागचे कप्पे काळ्या काचेआड असल्यामुळे समोरून फक्त पाणी व दगड दिसतात. दिव्याचा निळा व पांढरा प्रकाश वेगवेगळा कमी-जास्त करता येतो, आणि मऊ प्रवाळांना लागतो तेवढा उजेड टाकीच्या तळापर्यंत पोहोचतो. सुरुवातीला तो मंद ठेवून हळूहळू वाढवावा आणि दिवसातून आठ-नऊ तासांपेक्षा अधिक चालू ठेवू नये, एवढी काळजी पुरते.

खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. प्रवाळांना २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पाणी काही दिवस ३० अंशांच्या वर राहिले की त्यांच्या शरीरात राहून त्यांना अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरे पडू लागतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो, नवतपात रात्रीही भिंती तापलेल्याच असतात, आणि त्यात पंप व दिवा यांची उष्णता पाण्यात मिसळते. संचासोबत येणारे काचेचे झाकण अशा वेळी लावूच नये, कारण ते उष्णता आत कोंडते. त्याऐवजी बारीक जाळी बसवावी, म्हणजे मासा उडी मारून बाहेर पडत नाही आणि हवाही खेळती राहते. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारे दोन छोटे पंखे काठावर बसवले, तर विदर्भाच्या कोरड्या हवेत बाष्पीभवन इतके झपाट्याने होते की, पाणी दोन ते चार अंशांनी सहज उतरते. घरोघरचा कूलर ज्या तत्त्वावर चालतो, तेच तत्त्व येथेही उपयोगी पडते. मात्र टाकी आणि कूलर एकाच खोलीत असतील, तर खिडकी उघडी ठेवणे आवश्यक आहे, कारण हवा दमट झाली की पंख्यांचा परिणाम ओसरतो. याच कारणाने जुलै-ऑगस्टमध्ये पंखे जवळजवळ निरुपयोगी ठरतात. ज्यांच्या घरी टाकीच्या खोलीत एसी चालत नाही, त्यांनी लहान चिलरची, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राची, तरतूद आधीच करावी, मग त्याची किंमत टाकीच्या किमतीच्या जवळ गेली तरी चालेल.

पंख्यांमुळे दुसरे काम वाढते. भर उन्हाळ्यात या टाकीतून दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी उडून जाते आणि मीठ मात्र सगळे मागे राहते, त्यामुळे दर हजार भागांत ३५ भाग असलेला खारेपणा एका दिवसात ३६ च्या आसपास पोहोचतो. दोन-तीन दिवस दुर्लक्ष झाले, तर तो प्रवाळांना सोसवत नाही. उडालेले पाणी भरून काढताना मिठाचे पाणी घालायचे नसते, शुद्ध गोडे पाणीच घालायचे असते. हे दुकानात स्पष्ट सांगितले जायला हवे आणि बहुतेकदा सांगितले जात नाही. हे काम आपोआप करणारे, तरंगत्या स्विचवर चालणारे छोटे यंत्र संचात असते, तर मी त्याला पुष्कळ अधिक गुण दिले असते. ते मिळेपर्यंत पंपाच्या कप्प्यावर बाहेरून एक रेघ आखून सकाळ-संध्याकाळ त्या रेघेपर्यंत पाणी भरावे; बाष्पीभवनाचा सगळा परिणाम त्याच एका कप्प्यात दिसतो, मुख्य टाकीतली पातळी तशीच राहते.

आता पाण्याविषयी. पेंच आणि कन्हान या नद्यांचे शुद्ध केलेले नळाचे पाणी पिण्यासाठी योग्य असले, तरी प्रवाळांच्या टाकीसाठी योग्य नाही. त्यातले क्लोरिन, नायट्रेट, सिलिकेट आणि नळांतून उतरणारे तांब्याचे अंश यांपैकी काही शैवाल माजवतात, तर काही कोळंबी, गोगलगायी व प्रवाळ यांना थेट मारक ठरतात. घरातल्या आरओचे पाणीही पुरेसे शुद्ध नसते, कारण चवीसाठी त्यात थोडे कच्चे पाणी किंवा खनिजे मिसळली जातात. त्या यंत्रापुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या बारीक मण्यांची) नळी जोडून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्यावर आणणे हाच भरवशाचा उपाय आहे. आरओतून वाया जाणारे पाणी उन्हाळ्यात फेकून देणे मला पटत नाही. ते फरशी पुसायला चालते.

मिठाच्या बाबतीत एक गोष्ट पाहून घ्यावी. रेड सी कंपनीच्या साध्या सागरी मिठाची अल्कलिनिटी (आम्लता वाढू न देण्याची पाण्याची क्षमता; डीकेएच हे तिचे एकक) सुमारे ८ डीकेएच असते, तर त्याच कंपनीच्या कोरल प्रो या मिठाची सुमारे १२. मऊ प्रवाळांच्या पहिल्या टाकीला साधे मीठ पुरेसे आहे आणि ते स्वस्तही पडते. आठवड्याला दहा टक्के, म्हणजे आठ लिटर पाणी बदलायचे ठरवले, तर तीनशे ग्रॅमच्या आसपास मीठ लागते.

संचातले हायड्रोमीटर मी बाजूला ठेवले. त्याच्या काट्याला हवेचे बारीक बुडबुडे चिकटले की आकडा जास्त दिसतो आणि मिठाची पुटे चढली की कमी दिसतो. रिफ्रॅक्टोमीटर मात्र विश्वासार्ह आहे. त्याच्या तिरक्या काचेवर टाकीतल्या पाण्याचे दोन-तीन थेंब टाकावेत, वरचे झाकण बुडबुडा न राहू देता बसवावे, अर्धा मिनिट थांबावे आणि उजेडाकडे धरून पाहावे. निळ्या व पांढऱ्या भागांच्या सीमारेषेवर खारेपणा वाचता येतो. हे उपकरण शुद्ध पाण्यावर शून्य करून थांबू नये, ३५ या खारेपणाच्या तयार द्रावणावर जुळवून घ्यावे.

वीज गेली, तर काय होईल याचा विचार खरेदीपूर्वीच करावा. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तेवढ्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७, आणि पाणी तापले की तो आणखी घटतो. पंप थांबल्यावर मासे लवकर गुदमरतात ते यामुळे. पंप फार थोडी वीज घेतो, म्हणून तो आणि पंखे घरच्या इन्व्हर्टरवर जोडावेत. हीटर आणि दिवा त्यावर घेऊ नयेत. हीटरची खरी गरज डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींपुरतीच लागते, पण तेव्हा लागतेच. स्किमर आवाज करतो आणि एवढ्या लहान टाकीत, पाणी नियमित बदलत असल्यास, तो बंद ठेवला तरी फारसे बिघडत नाही.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दल माझी तक्रार आहे. शहरातल्या ज्या दुकानातून मी हा संच घेतला, तिथल्या माणसांनी टाकी घरी येऊन व्यवस्थित बसवून दिली, स्टँड पाणसळीने समतल केला आणि गळती तपासली. त्याबद्दल मी समाधानी आहे. पण त्याच भेटीत त्यांनी पहिल्या आठवड्यातच डॅमसेल मासे सोडण्याचा आग्रह धरला, म्हणजे टाकी लवकर तयार होईल. हा सल्ला चुकीचा आणि निर्दय आहे. माशांच्या मलमूत्रातला अमोनिया जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात, आणि हे जिवाणू दगडांवर पुरेसे वाढायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. तोवर बाटलीतला अमोनियम क्लोराइड मोजून घालता येतो, त्यासाठी जिवंत माशाला जाळणाऱ्या पाण्यात ठेवण्याचे कारण नाही. शिवाय डॅमसेल पुढे इतके भांडखोर होतात की, नंतर आणलेल्या शांत माशांना ते जगू देत नाहीत.

त्याच दुकानात समुद्रातून काढलेला प्रवाळाचा दगडही ‘लाइव्ह रॉक’ म्हणून दाखवण्यात आला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये खडक बांधणारे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि सर्व समुद्रघोडे यांचा समावेश झाला, त्यामुळे आपल्या समुद्रातून ते काढणे आणि विकणे गुन्हा आहे. कोरडा कृत्रिम दगड घ्यावा. जिवाणू त्याच्यावरही तितकेच वाढतात. माशांमध्ये क्लाउनफिशची हॅचरीत वाढवलेली जोडी मागावी. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने या माशांच्या पैदाशीचे तंत्र आपल्याकडेच विकसित केले आहे, असे मासे टाकीतल्या अन्नाला सरावलेले असतात आणि त्यांना समुद्रफूल (सी ॲनिमोन) लागत नाही. प्रवाळांत मश्रूम आणि झोअँथिड हे नवशिक्याला झेपणारे आहेत, पण काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते. म्हणून दगड हाताळताना हातमोजे व चष्मा घालावा आणि असा दगड कधीही उकळू नये.

एकूण संचाला मी पाचपैकी साडेतीन गुण देतो : टाकी व दिव्याला पूर्ण, हायड्रोमीटर आणि झाकणाला शून्य. पंखे, डीआय नळी, रिफ्रॅक्टोमीटर आणि इन्व्हर्टरची सोय यांचे पैसे हातात असतील, तरच तो घ्यावा. घेणाऱ्याने ऑक्टोबर गाठावा, म्हणजे दगड थंडीपूर्वी तयार होतात, मुंबई किंवा चेन्नईहून येणारे जीव पिशवीत न तापता पोहोचतात आणि एप्रिलपर्यंत टाकीला स्थिरावायला पाच-सहा महिने मिळतात. मार्च ते जूनमध्ये दुकानात कितीही सूट दिली जात असली, तरी त्या दिवसांत जिवंत काहीही विकत घेऊ नये.