गोवा एक ठिपका धरावा की चार?

जुलैत सत्तरीतल्या छपरावरचे सोलर पॅनेल आणि डिसेंबरात कळंगुटमधले भरलेले हॉटेल, दोन्हींचा हिशेब ज्या मॉडेलमध्ये, म्हणजे विजेच्या आणि इंधनाच्या संगणकी गणितात, एकाच बेरजेत जातो, त्याच्या भरवशावर गोव्याचे ऊर्जा नियोजन करू नये, असे माझे ठाम मत आहे. तरी एकसंध मॉडेल कुठे उपयोगी पडते, ते आधी सांगतो.

एकसंध मॉडेलमध्ये अख्खे राज्य म्हणजे एक ठिपका. वर्षाची मागणी, केंद्रीय वीज प्रकल्पांतून मिळणारा वाटा आणि डिझेल, पेट्रोल, गॅसचा खप एवढे जमले की काम सुरू होते. वीस वर्षांत मागणी किती वाढेल, इलेक्ट्रिक स्कूटरमुळे पेट्रोल किती वाचेल, अशा प्रश्नांना ते पुरते. त्यासाठी लीप हे सॉफ्टवेअर सोयीचे आहे, शिकायलाही सोपे.

अडचण येते ती तारांपाशी. गोव्यात स्वतःचे मोठे वीजकेंद्र नाही. कोल्हापूरकडून येणारी 400 केव्हीची लाइन उत्तर गोव्यातल्या कोलवाळला उतरते, तर कर्नाटकातल्या आंबेवाडीहून 220 केव्हीच्या लाइन फोंड्याला आणि शेल्ड्याला येतात. एक ठिपका धरला की कोलवाळची वीज दक्षिण टोकाच्या काणकोणला आपोआप पोचते. वाटेत ना ट्रान्सफॉर्मर, ना लाइनची मर्यादा. मोलेच्या जंगलातून नवी 400 केव्हीची लाइन न्यावी का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एकसंध मॉडेलला तो प्रश्न विचारताच येत नाही.

आमच्या गावी मे महिन्यात संध्याकाळी साडेसातला पंखा मंदावतो आणि नारळ वाटताना मिक्सर अडतो. राज्याच्या बेरजेत तेव्हा वीज पुरेशी असू शकते. कमी पडते ती आमच्या फिडरवर, म्हणजे उपकेंद्रातून गावाकडे येणाऱ्या वाहिनीवर.

खाणींचेही तसेच. 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या 88 लीज रद्द केल्या, तेव्हा ट्रक आणि बार्जचे डिझेल घटले ते सांगे, डिचोली, धारबांदोड्याच्या पट्ट्यात. बार्देशच्या किनाऱ्यावरचे एसी चालूच होते.

म्हणून राज्याचे भाग पाडून प्रत्येकाचा वेगळा हिशेब ठेवणारे प्रदेशवार मॉडेल. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. 12 तालुके आणि वर्षाचे 8760 तास घेतले, तर मागणीचेच 1,05,120 आकडे भरायचे. तालुक्याच्या हद्दी आणि फिडरच्या हद्दी जुळत नाहीत, त्यामुळे बरेच आकडे अंदाजाने वाटून द्यावे लागतील, आणि अंदाजावर उभी केलेली बारकाई मला धोक्याची वाटते. चार विभाग करून दर महिन्याचा एक नमुना दिवस, त्याचे 24 तास, घेतला, तर 1,152 आकड्यांत भागते. त्यात पावसाळ्यातले झाकोळलेले ऊनही येते आणि नाताळातली संध्याकाळही. नमुना म्हणून महिन्याच्या सरासरीचा दिवस तेवढा घेऊन थांबू नका, सर्वाधिक लोडचा एक दिवस वेगळा ठेवा.

सॉफ्टवेअरमध्ये ओसेमोसिस आणि पायप्सा, दोन्ही मुक्तस्रोत आहेत. कोणत्या वर्षी कशात गुंतवणूक करावी हा मुख्य प्रश्न असेल, तर ओसेमोसिस. कोणत्या लाइनवर किती भार येईल हे पाहायचे असेल, तर पायप्सा. पण त्यासाठी पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा येणारा माणूस हवा. गोव्याचा खरा प्रश्न लाइनचा आहे, म्हणून मी पायप्सा घेईन. राष्ट्रीय ग्रिडमधून मिळणारी वीज आणि तिचा दर मात्र देशपातळीच्या मॉडेलमधूनच घ्यावा. तो हिशेब गोव्यात बसून होणार नाही.

विभाग असे पाडावेत: पेडणे, बार्देश, तिसवाडी हा एक. मुरगाव, सासष्टी दुसरा, वेर्ण्याचे कारखाने त्यातच येतात. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे, काणकोण तिसरा. अडाल ते फोंड्यापाशी. त्याला डोंगरी भागात ढकलायचा मोह होईल, पण कुंडई, मडकईच्या औद्योगिक वसाहती तिथे आहेत आणि आंबेवाडीची एक लाइनही तिथे उतरते. फोंडा एकटाच चौथा विभाग ठेवा.