एचओ स्केलचा डायनर किट: वर्षभर लेआउटवर ठेवल्यानंतर

डायनर म्हणजे अमेरिकेतलं काउंटर-स्टुलांचं छोटं उपाहारगृह. मॉडेल रेल्वेच्या देखाव्यात, म्हणजे लेआउटवर, ठेवायला त्याच्या सुट्या भागांचा किट घ्यावा का? घ्या. मात्र डब्यात जेवढं येतं तेवढंच चिकटवून मोकळं व्हायचं असेल तर पैसे वाया जातील. या इमारतीचं सगळं वैभव काचेच्या आत असतं आणि किट काढणाऱ्यांनी सगळी मेहनत काचेच्या बाहेर घेतलेली असते. माझा डायनर बांधून वर्ष होत आलं. जवळजवळ रोज संध्याकाळी त्याचे दिवे लागतात, समोरून गाड्या जातात. तेवढ्या वापरानंतर काय टिकलं, काय बदलावं लागलं, ते लिहिते आहे.

आधी तो उभा कुठे आहे ते सांगते. न्यू जर्सीत आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये मी एचओ स्केलचा लेआउट बांधते आहे. एचओ म्हणजे १:८७, खरा एक फूट साडेतीन मिलिमीटरमध्ये. विषय आहे १९५०च्या आसपासची लॅकवाना रेलरोडची उपनगरी लाइन, होबोकेनहून पश्चिमेला जाणारी. ३ सप्टेंबर १९३० रोजी या लाइनीवरची विजेवर चालणारी पहिली गाडी होबोकेनहून निघाली तेव्हा ती चालवायला स्वतः थॉमस एडिसन उभे होते. वर तारेत ३००० व्होल्ट डीसी. मुंबईच्या लोकलला वर्षानुवर्षं १५०० व्होल्ट डीसी मिळत आली, त्याच्या दुप्पट. आज त्याच मार्गावर एनजे ट्रान्झिटच्या गाड्या धावतात आणि सकाळच्या गाडीत मराठी कानावर पडतं.

या लाइनीवरच्या गावात स्टेशनजवळ डायनर नसेल तर गाव खोटं वाटतं. समिट स्टेशनासमोर १९३०च्या दशकाच्या अखेरचा ओ'माहोनी कंपनीचा डायनर अजून उभा आहे. बाहेरून स्टेनलेस स्टील, आत लाकडी पॅनेल, लांबच लांब काउंटर. तिथे कॉफी घेत बसायचं आणि स्टूल किती उंच, दोन स्टुलांत अंतर किती, छताची गोलाई कुठून सुरू होते हे बघायचं. किटच्या माहितीपत्रकापेक्षा मला त्या काउंटरने जास्त शिकवलं.

डायनर म्हणजे रेल्वेचा जुना डबा आणून ठेवलेला, असं अमेरिकेतही पुष्कळांना वाटतं. काही तसे होते, पण बहुतेक डायनर कारखान्यात डायनर म्हणूनच तयार झाले. १८७२ साली प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस घोडागाडीतून रात्रपाळीच्या लोकांना खाणं विकू लागला, तिथून ही परंपरा सुरू झाली असं मानतात. पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टर लंच कार कंपनीने १९०६ ते १९५७ हे काम केलं. न्यू जर्सीत तर ओ'माहोनी, कुलमन, फोडेरो, पॅटर्सनची सिल्क सिटी अशी रांगच होती. काउंटर, स्टूल, फरशी, शेगड्या सगळं कारखान्यात बसवून अख्खा डायनर ट्रेलरवर नाहीतर रेल्वेच्या सपाट वाघिणीवर चढवायचे आणि गिऱ्हाइकाच्या जागेवर नेऊन उतरवायचे. म्हणून तो अरुंद. रस्त्यातून, पुलाखालून जायचा तर रुंदीला मर्यादा आलीच. १९३४ साली बड कंपनीची झेफर ही चकचकीत स्टेनलेस स्टीलची गाडी आली आणि तो सुसाट, वाऱ्याने घासल्यासारखा घाट डायनरवाल्यांनीही उचलला.

हे सगळं सांगायचं कारण असं, की किट बांधताना घेतलेला प्रत्येक निर्णय यातून निघतो. विटांची जुनी इमारत करताना आपण गंज, काजळी, ओघळ सढळ हाताने देतो. डायनर धुतला-पुसला जाणारा. मालकाने कर्ज काढून आणलेला, गावातला सर्वांत चकचकीत. त्यावर गंजाचे ओघळ दिले की तो बंद पडलेला दिसतो. माझ्याकडे फक्त छतावर पंख्याच्या झाकणाभोवती तेलकट काळपट छटा आहे आणि पायाशी रस्त्याच्या धुळीची एक पुसट रेघ. बस.

आता किट. स्टायरीन या प्लास्टिकचा, किंमत चाळीस डॉलरच्या आसपास. भिंती, छत, पाया, पारदर्शक खिडक्या, पुढचा छोटा प्रवेशमंडप, पाटी, आणि आत ठेवायला एक काउंटर व काही स्टूल. भिंतींचं ओतकाम खरंच सुरेख आहे. स्टीलच्या पन्हळ्या सरळ, खोल आणि एकसारख्या. गोल कोपरे तर फारच छान जमले आहेत. स्प्रूवरून, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावरून, कापलेले भाग भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळवले, टामियाचं एक्स्ट्रा थिन सिमेंट (प्लास्टिक जोडायचं पातळ चिकटद्रव्य) सांध्याला नुसतं टेकवलं की आपोआप आत ओढलं जातं, आणि चारही भिंती एका बैठकीत काटकोनात उभ्या राहिल्या. छताने मात्र त्रास दिला. छत आणि मागची भिंत यांत नखाएवढी फट राहते. एव्हरग्रीन कंपनीची स्टायरीनची पातळ पट्टी आतून लावून ती बुजवली. छत चिकटवलं नाही. चार कोपऱ्यांत छोटे चुंबक बसवले आहेत, म्हणजे ते कधीही उचलता येतं. ही एक गोष्ट कुणीही करावी, कारण दिवा कधीतरी जाणार आणि स्टूल कधीतरी निसटणार.

चकाकीसाठी मी रंगावर विसंबले नाही. चंदेरी रंग कितीही चांगला असला तरी एचओमध्ये तो राखाडी दिसतो. बेअर-मेटल फॉइलचा क्रोम कागद घेतला. हा कागद अतिशय पातळ, मागे स्वतःचा डिंक. नवीन ब्लेडने थोडा मोठा तुकडा कापायचा, भिंतीवर अलगद ठेवायचा, आधी इअरबडने सपाट दाबायचा आणि मग टूथपिकचं टोक किंचित बोथट करून एकेका पन्हळीत फिरवायचं. मधल्या पन्हळीपासून सुरुवात करून वर आणि खाली जायचं. कडेकडून मध्ये आलात तर कागद ताणला जाऊन फाटतो. खाली गुळगुळीत प्रायमर हवा, कारण कणभर धूळही वर उठून दिसते. काम संथ आहे, मान अवघडते, पण पहिली भिंत पूर्ण झाल्यावर तिच्यात समोरच्या रुळांचं प्रतिबिंब दिसलं आणि मी उरलेल्या तिन्ही भिंती त्याच आठवड्यात केल्या. दोन स्टीलच्या पट्ट्यांमधला एनॅमलचा भाग मी गडद लाल रंगवला.

दिव्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पुष्कळ सुंदर बांधलेले डायनर इथेच पडतात. पांढरं स्टायरीन अर्धपारदर्शक असतं. आत दिवा लावला की भिंतीच उजळतात आणि इमारत प्लास्टिकची आहे हे खोलीभर कळतं. म्हणून भिंती व छत आतून आधी काळे रंगवायचे, त्यावर पांढरा किंवा क्रीम. कोपऱ्यांतल्या सांध्यांतून प्रकाशाच्या रेघा येतात, तिथे आतून काळ्या रंगाचा जाड थर. तीन वॉर्म व्हाइट एलईडी एकापाठोपाठ जोडले. पुरवठा १२ व्होल्टचा, त्यातले सुमारे ९ व्होल्ट एलईडी घेतात, उरलेल्या ३ व्होल्टसाठी १००० ओहमचा रेझिस्टर. प्रवाह जेमतेम ३ मिलिअँपिअर, आणि तेवढा पुरतो. एलईडीवर छापलेल्या मर्यादेपर्यंत प्रवाह नेला तर काचेतून नुसता झगमगाट दिसतो, माणसं दिसत नाहीत. पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिलं आहे त्यांना आठवेल, खोलीत अंधार केल्यावर छोट्या खिडक्यांतला मंद उजेडच डोळा धरून ठेवतो.

आणि उजेड लागला की आतला रिकामेपणा उघडा पडतो. किटमधलं काउंटर म्हणजे एक सपाट ठोकळा, स्टूल म्हणजे दांड्यावर थापलेले थेंब. मी स्टूल नवे केले. खरा स्टूल ३० इंच उंच धरला तर एचओमध्ये पावणेनऊ मिलिमीटर होतो, बैठक १४ इंचांची म्हणजे चार मिलिमीटर. पितळी तारेचे तुकडे आणि स्टायरीनच्या गोल कांबीच्या चकत्या घेतल्या, चकत्या लाल रंगवल्या. काउंटरमागे स्टीलची भिंत (पुन्हा तोच फॉइल), कॉफीचे उंच पिंप, पाय ठेवायचं फळकुट, काळ्या-पांढऱ्या फरशीचा छापलेला कागद. खिडकीपासून दूर जे आहे त्यावर वेळ घालवू नका. खिडकीलगतच्या स्टुलांवर आणि काउंटरच्या वरच्या कडेवर घालवा, नजर तिथेच जाते.

बाबा पुण्याहून आले होते तेव्हा बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, दिवे लागलेत, कॉफी उकळतेय, मग गिऱ्हाईक कुठाय?" त्याच आठवड्यात प्रायझर कंपनीच्या बसलेल्या छोट्या माणसांचा संच मागवला. स्टुलावर बसवायला त्यांचे पाय जरा कापावे लागतात. चार गिऱ्हाइकं, काउंटरमागे एक वेट्रेस, आणि दारात टोपी काढणारा एक रेल्वेचा माणूस. एवढ्याने जागा भरली. अजून माणसं घातली असती तर मागचं काउंटर झाकलं गेलं असतं.

किटमध्ये जे अजिबात नाही आणि असायलाच हवं होतं ते म्हणजे स्वयंपाकघर. खऱ्या डायनरला पुष्कळदा मागे सिमेंटच्या ठोकळ्यांची साधी खोली असते, जागेवर स्थानिक गवंड्याने बांधलेली. कारखान्यातून आलेला चकचकीत डबा पुढे, रंग उडालेली खोली मागे. तशी खोली केल्याशिवाय डायनर जमिनीत रुजत नाही. ठोकळ्यांचा उठाव असलेली स्टायरीनची शीट मिळते, तिची छोटी खोली, सपाट डांबरी छत, धुराड्याची नळी, मागच्या दाराशी कचऱ्याचे डबे आणि दुधाच्या बाटल्यांचे क्रेट केले. डायनरखाली विटांचा बुटका पाया दिला, पुढे तीन पायऱ्या. जपून ठेवलेली काजळी आणि ओघळ मात्र या मागच्या खोलीवर मनसोक्त वापरले.

वर्षभरात काय झालं? न्यू जर्सीचा उन्हाळा दमट आणि हिवाळा हीटरमुळे कोरडा. बेसमेंटमध्ये डीह्युमिडिफायर असूनही लाकडी फळी हलली, पण स्टायरीन हललं नाही. फॉइल पन्हळ्यांत घट्ट आहे. फक्त खिडक्यांच्या कडांना ती थोडी सुटली होती, ती टूथपिकने पुन्हा दाबली आणि कडेवर चमकदार पारदर्शक वार्निशचा बारीक हात दिला. संपूर्ण भिंतीवर मॅट वार्निश चुकूनही मारू नका, चकाकी गेलीच समजा. खिडक्या मी कॅनपी ग्लूने (वाळल्यावर पारदर्शक होणारा गोंद) बसवल्या होत्या आणि त्या अजून स्वच्छ आहेत. सुपरग्लूची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढुरकी साय धरते, त्यामुळे खिडक्यांजवळ ती बाटली आणूच नये. पाटीचं डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र, एका कोपऱ्यात चंदेरी पडलं. खालची जागा पुरेशी गुळगुळीत नसली की डेकलखाली हवा अडकते. सुईने टोचून मायक्रो सोल (डेकल मऊ करणारं द्रव्य) लावल्यावर बरंचसं बसलं. धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने काढते. फॉइलवर कपडा फिरवत नाही.

माहितीपत्रक एका पानाचं, आकृत्या स्पष्ट, पण रंगाविषयी एक ओळ नाही. पहिल्यांदाच किट बांधणाऱ्याला भिंती-छत सहज जमेल. फॉइल आणि वायरिंग आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघावं. भारतात हवा असेल तर किट बॅगेत आरामात येतो, पण सिमेंट ज्वालाग्राही असल्याने विमानात नेता येत नाही, ते तिथेच विकत घ्यायचं.

सवलतीत मिळाला तर दोन घ्या. खऱ्या डायनरची रुंदी रस्त्याने ठरवली, पण लांबी मालकाच्या ऐपतीनुसार कमी-जास्त असायची. त्यामुळे दोन किटच्या पुढच्या भिंती मधल्या खिडकीच्या पट्टीवर कापून जोडल्या तर लांब डायनर होतो आणि तो खोटा दिसत नाही. जोड पट्टीखाली लपतो, फॉइल वरून जाते. माझा दुसरा किट शेल्फवर आहे. तो मी लेआउटच्या दुसऱ्या टोकाला, हायवेच्या पुलाजवळ लावणार आहे, तिथे ट्रक उभे करायला जागा आहे.