टेस्टडिस्क आणि फोटोरेक ७.२ : जुने साधन, चालू असलेली देखभाल

पार्टिशन, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, नाहीसे झालेली हार्ड डिस्क किंवा चुकून फॉरमॅट झालेले मेमरी कार्ड हाती आले की मी आजही सर्वप्रथम टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही गेलेला डेटा परत मिळवणाऱ्या प्रोग्रामांची जोडी वापरतो. क्रिस्तॉफ ग्रेनिए या फ्रेंच प्रोग्रामरने टेस्टडिस्कचे काम १९९८ साली सुरू केले आणि फोटोरेकची भर त्यानंतर पडली. दोन्ही प्रोग्राम सी भाषेत लिहिलेले, जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली खुले आणि पूर्णपणे मोफत आहेत. एवढ्या जुन्या साधनाचे परीक्षण करताना ते चालते की नाही एवढेच पाहून भागत नाही. ते अजून कोणी सांभाळत आहे का, आणि सांभाळत असल्यास नेमके काय करत आहे, हेही तपासावे लागते. कारण देखभाल थांबली म्हणून डेटा रिकव्हरीचे सॉफ्टवेअर बंद पडत नाही; ते चालूच राहते, फक्त त्याला ओळखता न येणाऱ्या फाइली वर्षागणिक वाढत जातात आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

टेस्टडिस्कचे काम पार्टिशन परत मिळवण्याचे. सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे दिसतात, लॉग फाइल करायची का असे विचारले जाते, मग डिस्कची यादी आणि त्यानंतर पार्टिशन टेबलचे, म्हणजे डिस्कवरील पार्टिशनांच्या नोंदीचे, प्रकार येतात. या यादीत इंटेल आणि जीपीटी यांच्यासोबत सन, एक्सबॉक्स आणि ह्यूमॅक्स हेही प्रकार आहेत. एकदा दिलेला आधार काढून न टाकण्याची ही वृत्ती मला मोलाची वाटते. पुढे ‘अ‍ॅनालाइज’ आणि ‘क्विक सर्च’ निवडले की प्रोग्राम डिस्कवर फाइल सिस्टिमच्या, म्हणजे फाइलींची नावे आणि जागा नोंदणाऱ्या व्यवस्थेच्या, खुणा शोधू लागतो. विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टिम आपल्या बूट सेक्टरची (पार्टिशनची मूळ माहिती असलेल्या पहिल्या छोट्या भागाची) एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटी ठेवते आणि फॅट३२ ती सहसा सहाव्या सेक्टरमध्ये ठेवते, त्यामुळे मूळ सेक्टर बिघडला तरी पार्टिशन कोठून कोठपर्यंत होते याचा हिशेब लावता येतो. सापडलेल्या पार्टिशनवर ‘पी’ दाबले की आतील फाइलींची यादी उघडते. सर्वांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की ही यादी डोळ्यांखालून घालेपर्यंत ‘राइट’ला, म्हणजे नवे पार्टिशन टेबल डिस्कवर लिहिण्याच्या पर्यायाला, हात लावू नये, आणि शक्य असेल तर ‘राइट’ न करता ‘सी’ दाबून महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात.

फोटोरेकची पद्धत वेगळी आहे. ते फाइल सिस्टिमवर विसंबून राहत नाही. डिस्कवरील ब्लॉक एकामागून एक वाचते आणि प्रत्येक ब्लॉकच्या सुरुवातीला एखाद्या फाइलप्रकाराची ओळखीची खूण दिसते का ते पाहते. जेपेगची सुरुवात एफएफ डी८ एफएफ या बाइट्सनी होते, आणि अशा शेकडो प्रकारांच्या खुणा फोटोरेकला ठाऊक आहेत. ओळखीच्या एका फोटो स्टुडिओतील लग्नाचे कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट झाले होते, तेव्हा ही पद्धत किती कामाची आहे आणि कोठे त्रासाची आहे हे दोन्ही दिसले. फोटो मोठ्या संख्येने परत आले. परंतु पाचशे-पाचशे फाइलींचे फोल्डर तयार झाले आणि त्यांत मूळ नाव एकाही फाइलला नव्हते, कारण नावे फाइल सिस्टिममध्ये असतात आणि तिच्याकडे फोटोरेक पाहतच नाही. नव्या नावांत ‘एफ’ या अक्षरापुढे ती फाइल ज्या सेक्टरवर सापडली त्याचा क्रमांक असतो, आणि ‘टी’ने सुरू होणाऱ्या फाइली म्हणजे मूळ फोटोच्या पोटातून निघालेल्या लहान प्रतिमा. त्या ‘टी’ फाइली बाजूला काढल्यावर आणि फोटोच्या आत नोंदलेल्या तारीख-वेळेनुसार उरलेल्या लावल्यावर हळदीपासून वरातीपर्यंतचा क्रम पुन्हा जुळला. व्हिडिओंच्या बाबतीत एवढे यश येत नाही, कारण मोठी फाइल कार्डावर तुकड्यातुकड्यांनी लिहिली गेलेली असेल तर ते तुकडे सांधणे या पद्धतीला फार अवघड जाते.

देखभालीचा प्रश्न येतो तो या खुणांच्या संग्रहापाशी. आवृत्ती ७.० एप्रिल २०१५ मध्ये आली. आयफोनने हेइक प्रकारात फोटो साठवणे २०१७ साली सुरू केले, आणि कॅननची सीआर३ ही रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फोटोची) फाइल २०१८ साली आली. म्हणजे २०१५ ची प्रत आजच्या कार्डावर चालवली तर ती कोणतीही चूक न दाखवता पूर्ण होईल, हिरिरीने जुन्या प्रकारच्या फाइली काढून देईल, आणि नव्या प्रकारांच्या जागी काहीच मिळणार नाही. आजचे फोटोरेक हे दोन्ही प्रकार ओळखते, कारण कोणीतरी त्या फाइलींची रचना तपासून, फाइल कोठे संपते हे ठरवणारा कोड लिहिला आहे. हे काम एकदा करून संपत नाही, त्यात दिखाऊ असे काही नसते, आणि ते झाले नाही तर तक्रारही फारशी होत नाही, कारण न सापडलेली फाइल ‘डिस्कवरच नसेल’ असे समजून माणूस गप्प बसतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ७.२ या आवृत्तीतील ज्या कामाबद्दल मला सर्वाधिक आदर वाटतो ते वापरणाऱ्याच्या नजरेस पडणारच नाही. फाइलींची रचना वाचणारे अनेक भाग ‘फ्रामा-सी’ या फ्रान्समध्येच विकसित झालेल्या विश्लेषण-साधनाने तपासले गेले आहेत. हे साधन सी भाषेतील कोड न चालवताच त्याची छाननी करते आणि दिलेल्या मर्यादेबाहेरची मेमरी वाचली जाईल अशा जागा दाखवून देते. रिकव्हरीच्या प्रोग्रामला याची गरज इतरांपेक्षा जास्त असते, कारण त्याच्यापुढे येणारा डेटा बहुधा अर्धवट आणि बिघडलेलाच असतो. फाइलची लांबी सांगणाऱ्या जागी भलताच आकडा असू शकतो, आणि प्रोग्राम तर बहुतेक वेळा अ‍ॅडमिन अधिकाराने चालवला जातो. पंचवीस वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कोडची अशी फेरतपासणी करणे हे नवे बटण देण्यापेक्षा कितीतरी कष्टाचे काम आहे.

चिंतेची बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. आवृत्ती ७.१ जुलै २०१९ मध्ये आली आणि त्यानंतरच्या स्थिर आवृत्तीसाठी साडेचार वर्षांहून अधिक काळ जावा लागला. मधल्या काळात विकासाधीन, म्हणजे अजून अंतिम न झालेली, प्रत उपलब्ध होती आणि काम थांबलेले नव्हते. तरी लिनक्सच्या ज्या वितरणांत केवळ स्थिर आवृत्ती घेतली जाते तेथील लोकांना जुनीच प्रत मिळत राहिली. जगभरच्या दुरुस्ती-सीडींत आणि रेस्क्यू पेन ड्राइव्हवर असलेल्या या साधनाचा भार आजही मुख्यतः मूळ लेखकावरच आहे, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. इतरांचे हातभार लागतात, कोड सर्वांसाठी खुला आहे, पण डिस्कची रचना आणि शेकडो फाइलप्रकार यांचे एकत्रित ज्ञान असलेला दुसरा माणूस तयार व्हायला वर्षे लागतात.

वापरण्याच्या दृष्टीने काही मर्यादा जाणून घ्याव्यात. एसएसडीमध्ये ट्रिम (पुसलेल्या जागा ड्राइव्हला कळवणारी सोय) चालू असेल तर पुसलेल्या फाइलींच्या जागा ड्राइव्ह स्वतःच रिकाम्या करतो, आणि तेथे कोणतेही सॉफ्टवेअर फारसे काही करू शकत नाही. आजच्या अँड्रॉइड फोनची अंतर्गत मेमरी एन्क्रिप्ट केलेली असते आणि केबल जोडली तरी ती संगणकाला डिस्क म्हणून दिसत नाही, त्यामुळे फोनमधून गेलेल्या फोटोंसाठी या साधनाकडून आशा धरू नये. डिस्क खटखट आवाज करत असेल किंवा वाचताना अडखळत असेल, तर तिच्यावर थेट टेस्टडिस्क चालवणे धोक्याचे आहे. आधी ग्नू डीडीरेस्क्यू या डिस्कची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने तिची हुबेहूब प्रत काढून पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावेत. आणि परत मिळालेल्या फाइली त्याच डिस्कवर कधीही साठवू नयेत.

पडद्याची मांडणी नवख्याला घाबरवणारी आहे, हे मान्य करावे लागेल. फोटोरेकसाठी क्यूफोटोरेक हे माउसने चालणारे रूप सोबतच मिळते आणि घरगुती वापराला ते पुरेसे आहे. टेस्टडिस्कला मात्र असा पर्याय दिलेला नाही. ‘स्कॅन फुकट, फाइली हव्या असतील तर पैसे’ या धर्तीवरची सॉफ्टवेअरे दिसायला देखणी असतात आणि नावांसह फोल्डरची रचना परत आणण्यात त्यांतील काही खरोखर चांगली आहेत. तरीही पैसे भरण्यापूर्वी ही मोफत जोडी वापरून पाहावी, असा माझा सल्ला आहे.

डाउनलोड मात्र लेखकाच्या सीजीसिक्युरिटी या संकेतस्थळावरूनच करावे; इतरत्र मिळणाऱ्या प्रतींत आवृत्ती जुनी असण्याची शक्यता बरीच असते. ज्यांच्याकडे नवा कॅमेरा, ड्रोन किंवा एखादे विशेष सॉफ्टवेअर आहे त्यांनी याच संचातील फायडेंटिफाय हा छोटा प्रोग्राम आपल्या एका फाइलवर आजच चालवून पाहावा. फाइलचा प्रकार ओळखता आला तर तो त्याचे नाव सांगतो, नाहीतर ‘अननोन’ असे उत्तर देतो. असे उत्तर आल्यास खासगी मजकूर नसलेल्या दोन-चार नमुना फाइली लेखकाकडे पाठवाव्यात आणि जमेल तेवढी देणगीही द्यावी. स्टुडिओ, वृत्तपत्रांचे छायाचित्र विभाग आणि संगणक दुरुस्तीची दुकाने या साधनावर पैसे मिळवतात. त्यांनी तर हे आवर्जून करावे.