सात दिवसांची मुदत आणि दोनशे तासांची वायर

अ‍ॅम्प्लिफायरला वीज पुरवणाऱ्या दीड मीटर वायरीसाठी मी ३८,५०० रुपये मोजले, हे लिहिताना आजही लाज वाटते; परंतु तोच विक्रेता जुळे सोलापुरातील माझ्या एका परिचितांकडेही जाऊन आल्याचे कळल्यावर गप्प राहणे योग्य वाटेना.

मल्लिकार्जुन मन्सूरांचे गाणे नीट ऐकता यावे म्हणून निवृत्तीच्या पैशांतून मी अ‍ॅम्प्लिफायर घेतला होता. विक्रेत्याने घरी येऊन आधी मूळ वायरीवर आणि मग आपल्या जाडजूड, विणलेल्या वेष्टनाच्या वायरीवर एकच तान ऐकवली, आणि दुसऱ्या वेळी ती खरोखरच भरीव वाटली. वायर बदलून अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा सुरू करताना तो आवाजाचे बटण झाकून, माझ्याकडे पाठ करून उभा होता. आवाज किंचित वाढवला की कानाला तो अधिक चांगला वाटतो. अशा वेळी बटणाला त्याचा हात लागू देऊ नका, आणि कोणती वायर जोडली आहे हे ऐकणाऱ्याला कळूही देऊ नका.

तरी ते एक वेळ सोडून देऊ. "काका, दोनशे तास वाजल्याशिवाय ही वायर खुलत नाही," असे तो म्हणाला, आणि पावतीवर परतीची मुदत होती सात दिवस. सात दिवसांचे तास होतात १६८. अ‍ॅम्प्लिफायर अहोरात्र चालू ठेवला असता, तरी वायर 'खुलण्या'आधीच मुदत संपणार होती; एकतीस वर्षे बँकेत लोकांचे हिशेब तपासलेल्या मला हा गुणाकार पावती हातात असताना सुचला नाही.

माझी बाजू एवढीच, की उन्हाळ्यात आमच्याकडे विजेचा दाब इतका खालीवर होतो की चांगल्या वायरीने काही फरक पडेल ही आशा मला वेडगळ वाटली नाही. पण दाब वायरीने सुधारत नाही. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या साध्या तांब्याच्या तेवढ्याच लांबीच्या वायरीत दोन अँपिअर प्रवाहाला २३० व्होल्टपैकी एक दशांश व्होल्टसुद्धा घटत नाही, आणि आत गेल्यावर त्या विजेचे रूपांतर तसेही एकदिश प्रवाहात होते. शिवाय भिंतीतली वायर जुनीच राहते, हे त्याला विचारायला हवे होते.

वायरमनने प्लग उघडला तेव्हा वेष्टनाखाली साधी तीन तारांची वायर निघाली. घरघर येऊ नये म्हणून की काय, अर्थिंगची तार कापून ठेवलेली होती. धातूच्या पेटीच्या यंत्राला अशी वायर जोडणे म्हणजे जिवाशी खेळ. प्लग उघडून दाखवत नसेल तर घेऊच नका.

पोलीस ठाण्यात मी तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर होते. दुसऱ्यांदा, पैसे यूपीआयने दिले म्हणून मला सायबरकडे पाठवले आणि तिथून, माणूस घरी आला होता म्हणून, परत पाठवले. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, हे तिथे कोणीही सांगितले नाही. ते मला स्वतः वाचून कळले. तिसऱ्यांदा अंमलदाराने माझा चार पानी अर्ज न वाचता उलटा ठेवला आणि विचारले, "वायर चालू आहे ना?"

मला "हो" म्हणावे लागले.